थोमाची रामा बायबलमध्ये कुठे आहे?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मुलांसोबत 'द चोझन' ही येशूच्या शिष्यांवरची मालिका पाहता आहात. सासूबाईंना ती पटत नाही. पेत्र पैजेवर मारामारी करतो, कर्जात बुडतो, मत्तय विचित्र वागतो, ही संतांची विटंबना आहे असं त्या म्हणतात. आणि चौथा सीझन पाहून तुमच्या बारा वर्षांच्या मुलाने बायबल उघडून विचारलं, "आई, थोमाची रामा यात कुठे आहे?" तुम्हाला ती, म्हणजे मालिकेतली थोमा या शिष्याची वाग्दत्त वधू, सापडली नाही. मग तुम्ही विचारलंत, यातलं किती खरं, आणि मुलांना हे दाखवू की बंद करू?

मी वसईतल्या एका किनारी गावात धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. अठ्ठावीस वर्षं झाली. आठवी ते दहावीची मुलं असतात, आयतवारच्या मिस्सानंतर तासभर. गेली चार वर्षं याच मालिकेतले तुकडे आम्ही वर्गात पाहतो, त्यामुळे तुमच्या मुलाचा प्रश्न मला नवा नाही, सासूबाईंची तक्रारही नवी नाही. माझ्या वर्गातल्या आजी-आजोबांनी ती मला तोंडावर सांगितली आहे.

तुमचा खरा प्रश्न "किती खरं" हा नाही, असं मला वाटतं. त्याचं उत्तर मालिकेनेच पहिल्या भागाच्या सुरुवातीला पाटी लावून दिलं आहे: काही ठिकाणं आणि काळ एकत्र केले आहेत, पात्रांच्या मागच्या कहाण्या आणि संवाद जोडले आहेत, प्रेक्षकांनी शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनावरची बायबलमधली चार पुस्तकं, वाचावीत. म्हणजे भर घातली आहे हे कुणी लपवलेलं नाही. तुमची अडचण अशी आहे की भर कुठली चालते आणि कुठली नाही, हे ठरवायचं कसं. तिथे मात्र मला सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी शुभवर्तमानांत या बारा जणांबद्दल किती आहे ते पाहा. बारा नावांची यादी चार ठिकाणी येते: मत्तय, मार्क, लूक आणि प्रेषितांची कृत्ये (या शेवटच्या यादीत येशूला धरून देणारा यहूदा नाही, म्हणून अकराच नावं). त्यातल्या अर्ध्याअधिक लोकांबद्दल नावापलीकडे एखाद-दुसरी ओळ आहे. तद्दयाच्या वाट्याला अख्ख्या शुभवर्तमानात एक प्रश्न येतो, तोही योहानाच्या चौदाव्या अध्यायात, आणि तिथे त्याचं नाव यहूदा आहे. दोघे एकच, असं परंपरा मानते. अल्फीचा मुलगा याकोब तर एक शब्दही बोलत नाही. फिलिप्प चार वेळा दिसतो आणि चारही वेळा योहानाच्याच शुभवर्तमानात. पेत्र सोडला तर कुणाच्या घरात काय चाललं होतं ते कळत नाही. पेत्राच्याही घरचं एवढंच कळतं की त्याला सासू होती, तिला ताप आला होता आणि येशूने तिला हात धरून उठवलं. सासू होती म्हणजे बायको होती. तिचं नाव कुठेच नाही. मालिकेने तिला एदेन हे नाव दिलं.

आता पडद्यावर बारा माणसं सात सीझनभर चालवायची आहेत. नुसत्या नावांवर ते होणार नाही. कीर्तनकाराला ही अडचण ठाऊक असते. मूळ कथेत दोन ओव्या असतात आणि आख्यान दीड तास रंगवायचं असतं. तो संवाद रचतो, आईच्या तोंडी वाक्यं घालतो, बाजार उभा करतो. श्रोत्यांना ते कळतं आणि चालतं. आपल्या भाषेत तर हे चारशे वर्षांपूर्वीच झालं. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत सांगितली, ती १६१६ साली गोव्यात राचोलला छापली गेली. इथल्या लोकांच्या कानाला पुराणाची सवय होती, म्हणून त्याने पुराणाचा साज घेतला. कथा आपल्या लोकांपर्यंत नेताना तिला अंग द्यावं लागतं, हे तेव्हाच्या धर्मगुरूंनीही ओळखलं होतं.

सासूबाईंशी बोलताना मी याच्याही आधीपासून सुरुवात करेन. त्यांच्या मनातला संत पेत्र पांढऱ्या दाढीचा, टक्कल पडलेला, हातात किल्ल्या घेतलेला असेल. माझ्या आईच्या मनातही तोच होता, आमच्या चर्चमधल्या पुतळ्यामुळे. किल्ल्या मत्तयाच्या सोळाव्या अध्यायातल्या आहेत. दाढी आणि वय मात्र चित्रकारांनी दिलेलं आहे. शुभवर्तमानात पेत्राचं वय नाही. मरीया मग्दालीयेला वेश्या समजणं हेही असंच. लूक एवढंच सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती. बाकीची ओळख इसवी सन ५९१ च्या एका पोपच्या प्रवचनातून घट्ट झाली आणि शतकानुशतकं चित्रांतून, प्रवचनांतून तशीच राहिली. म्हणजे भर आज आली असं नाही. आपण जुनी भर पचवलेली आहे, म्हणून ती भर वाटत नाही.

आणि विटंबनेचं म्हणाल, तर शुभवर्तमान शिष्यांशी या मालिकेपेक्षा जास्त कठोर आहे. वाटेत "आपल्यात मोठा कोण" यावर ते भांडतात. लूकात तर हे भांडण शेवटच्या भोजनाच्या वेळी होतं. एका शोमरोनी गावाने थारा दिला नाही म्हणून याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडू का, असं विचारतात. पेत्राला येशू "सैताना, माझ्यापासून दूर हो" म्हणतो. गेथशेमानीत सगळे झोपतात आणि अटकेच्या वेळी सगळे पळतात. हे कुठल्या पटकथाकाराने लिहिलेलं नाही. हे लिहून ठेवणाऱ्यांना आपल्या पहिल्या पुढाऱ्यांचे दोष झाकायचे नव्हते, आणि मला ती शुभवर्तमानाची सर्वांत विश्वासार्ह बाजू वाटते.

आता भरीबद्दल. वर्गात मी मुलांना एक काम देतो. प्रसंग पाहून झाला की बायबल उघडायचं आणि पाहिलेल्यापैकी जे लिहिलेलं आहे त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर ती गोष्ट खोटी, असं मी म्हणत नाही. मी पुढचा प्रश्न विचारतो: ही गोष्ट घातल्यामुळे बोटाखालची ओळ जड झाली की हलकी? माझी कसोटी एवढीच आहे. भर घातलेली कहाणी जेव्हा शुभवर्तमानातल्या क्षणापर्यंत आपल्याला नेऊन सोडते आणि बाजूला होते, तेव्हा ती चांगली. ती त्या क्षणाचीच जागा घेऊन बसली, तर मी मुलांना थांबवतो.

पेत्रापासून पाहू, कारण त्याच्या बाबतीत मी सांगतो ते घरच्या अनुभवावरून सांगतो. माझे वडील खलाशी होते, दुसऱ्याच्या बोटीवर जायचे. मालिकेत पेत्र कराच्या थकबाकीत अडकतो, शब्बाथाला चोरून मासे मारायला जातो, सुटका व्हावी म्हणून आपल्याच लोकांची खबर रोमी अधिकाऱ्याला द्यायला तयार होतो. यातलं काहीच लिहिलेलं नाही. पण लूकाच्या पाचव्या अध्यायात जे लिहिलं आहे ते एखाद्या कोळ्याच्या घरात वाचून पाहा: रात्रभर कष्ट केले, काही मिळालं नाही, सकाळी काठावर जाळी धूत बसले आहेत. रिकाम्या जाळ्याने परत येण्याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालाही कळतो. हंगामाच्या सुरुवातीला व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल तशीच अंगावर राहते. ज्यांना तो अर्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी मालिकेने कर्ज उभं केलं. मला ते बरोबर वाटतं.

धोका असा होता की जाळी फाटेस्तोवर मासे मिळाले ते कर्ज फेडण्यासाठी, असा त्याचा अर्थ होऊन बसेल. तसं झालं असतं तर प्रसंग संपला असता. पण पेत्र तिथे गुडघे टेकतो आणि लूकातलं वाक्यच बोलतो: "प्रभूजी, माझ्यापासून जा, कारण मी पापी मनुष्य आहे." कर्जबाजारी माणसाला अचानक पैसा दिसला की तो आधी हिशोब करेल. हा हिशोब न करता स्वतःकडे पाहतो. आधीच्या भागांत त्याची लबाडी दाखवली म्हणून त्या एका वाक्याला वजन आलं. वर्गातल्या एका मुलीने ते पाहून लूकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, हे मी आधी दहा वेळा ऐकलंय, पण तो कशाबद्दल बोलतोय ते आज कळलं." अशी भर मला हवी.

एक गोष्ट मात्र मी मुलांना सांगतो. जब्दीच्या घरची मंडळी तेवढी गरीब नव्हती. मार्क लिहितो की याकोब आणि योहान बापाला मजुरांसोबत तारवात सोडून गेले. पगारी माणसं होती म्हणजे जब्दी आमच्या भाषेत नाखवा होता, बोटीचा मालक, आणि हे दोघे नाखव्याचे मुलगे. येशूच्या उजव्या-डाव्या हाताला बसायला जागा मागायचं धाडस कुठून आलं, याचा थोडा अंदाज येतो. १९८६ साली दुष्काळात गालील समुद्राचं पाणी ओसरलं तेव्हा दोन मच्छीमार भावांना चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची बोट सापडली. सत्तावीस फूट लांब, साडेसात फूट रुंद. वर्गात मी खडूने ते माप जमिनीवर आखतो आणि मुलांना आत उभं करतो. वादळाचा प्रसंग त्यानंतर वाचला की फरक पडतो.

इतिहासाच्या बाजूने मालिकेची एक मोठी चूक आहे, ती इथेच सांगून टाकतो. कफर्णहूमात रोमी अधिकारी क्विंटस राज्य करतो, रोमी शिपाई गल्लोगल्ली फिरतात, हे त्या काळाला धरून नाही. गालील तेव्हा हेरोद अंतिपाच्या ताब्यात होता. मत्तय जकातनाक्यावर बसायचा तो बहुधा अंतिपासाठी, कारण कफर्णहूम त्याच्या आणि त्याच्या भावाच्या, फिलिप्पाच्या, राज्याच्या सीमेजवळ होतं. रोमचा दबाव होताच, पण तो राजाच्या आडून. मुलांना इंग्रज सरकार आणि संस्थानिक यांचं उदाहरण दिलं की लगेच कळतं.

मत्तयाबद्दल तुम्ही लिहिलंत की तो "असा का दाखवला" ते मुलांना समजत नाही. त्याला स्वमग्नता आहे, असं दाखवायचं निर्मात्यांनी ठरवलं होतं. पारस पटेल या भारतीय वंशाच्या अमेरिकन नटाने तो साकारला आहे आणि उत्तम साकारला आहे. याला बायबलात आधार नाही, पण बी आहे. मत्तयाचं शुभवर्तमान उघडून पाहा. पहिल्याच पानावर वंशावळ आहे आणि ती चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत मोजून मांडली आहे. माशाच्या तोंडातलं नाणं फक्त तिथे आहे. दहा हजार तालांतांचं कर्ज फक्त तिथे आहे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांची मजुरी, एका तासाला तेवढीच आणि दिवसभराला तेवढीच, हीसुद्धा फक्त तिथे आहे. येशूला धरून देण्यासाठी यहूदाला मिळालेल्या चांदीच्या नाण्यांचा आकडा, तीस, तोही तिथेच. हे लिहिणारा तोच जकातदार होता का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, ते तुम्ही मुलांना सांगायला हरकत नाही. पण पुस्तकात आकड्यांची आवड दिसते आणि त्या आवडीवरून त्यांनी माणूस घडवला.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती सासूबाईंच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे. मालिकेतला मत्तय आकड्यांत प्रामाणिक आहे. तो लोकांत मिसळू शकत नाही, म्हणून एकटा आहे, म्हणून आपल्याला त्याची कणव येते. शुभवर्तमानातल्या जकातदारांची बदनामी एकटेपणामुळे नव्हती. ते ठरल्यापेक्षा जास्त उकळायचे. बाप्तिस्मा करणारा योहान त्यांना तेच बजावतो. मत्तय उठून मागे गेला तेव्हा त्याने नुसतं एकटेपण सोडलं नाही, लुबाडणूक सोडली. मालिकेत ती बाजू पातळ झाली होती. पेत्र मात्र ती विसरत नाही, आणि म्हणून चौथ्या सीझनमधला तो प्रसंग मला सगळ्या मालिकेतला सर्वांत मोलाचा वाटतो.

मत्तय पेत्राची क्षमा मागतो. पेत्राला ती देणं जड जातं. मग तो येशूकडे जाऊन विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि उत्तर येतं, सातच्या सत्तर पट. आता बोट ठेवा. मत्तय १८, ओवी २१. हा प्रश्न पेत्राने विचारला हे फक्त मत्तय लिहितो. लूकात क्षमेची शिकवण आहे, पण पेत्राचा प्रश्न नाही. तो भाऊ कोण होता, हे कुणीच लिहिलेलं नाही. पटकथाकारांनी पाहिलं की हे लक्षात ठेवून लिहिणारा मत्तय आहे, आणि मग त्यांनी तो भाऊ मत्तयच केला. सिद्ध करता येत नाही. पण अठ्ठावीस वर्षं ती ओवी शिकवताना मला हे सुचलं नव्हतं. आता ती वाचताना प्रत्येक वेळी सुचतं. अशी भर ओळीला खाली ढकलत नाही, वर उचलते.

धाकट्या याकोबाचं, म्हणजे अल्फीच्या मुलाचं, उलट आहे. तिथे बीच नाही, नुसती रिकामी जागा आहे. ही भूमिका करणाऱ्या जॉर्डन वॉकर रॉस यांना पाठीच्या कण्याचा बाक आणि सौम्य सेरेब्रल पाल्सी आहे, चालताना ते लंगडतात. मालिकेने ते लपवलं नाही, याकोबालाच लंगडा केलं. मग तिसऱ्या सीझनमध्ये येशू शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवतो, आजाऱ्यांना बरं करण्याचा अधिकार देतो, आणि याकोब विचारतो: मला तुम्ही बरं केलं नाही, मग मी दुसऱ्यांना कसं बरं करू? येशू त्याला जवळ बसवून जे सांगतो त्याचा आशय असा: तू बरा होशील, पण बरा न होताही देवाची स्तुती करणारा तू लोकांना जास्त काही देशील.

यातल्या एकाही वाक्यावर बोट ठेवता येत नाही. तरीही मी तो प्रसंग दाखवतो. का? कारण पौलाच्या पत्रात तोच प्रश्न आणि तेच उत्तर आहे. शरीरातला काटा काढ म्हणून पौलाने तीनदा विनवलं आणि उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." म्हणजे प्रसंग रचलेला असला तरी शिकवण रचलेली नाही. आमच्या वर्गात व्हीलचेअरवर येणारा एक मुलगा होता. नववीपर्यंत तो कुठल्याही चमत्काराच्या धड्यावर काही बोलला नव्हता. या प्रसंगानंतर त्याने हात वर केला. तो काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. पण त्या दिवशी मला कळलं की आम्ही इतकी वर्षं बऱ्या झालेल्यांचेच धडे घेत होतो.

यहूदाबद्दल थोडक्यात. मालिकेने त्याला हुशार, मनमिळाऊ, व्यवहारात तरबेज केलं, येशूने लवकर राज्य स्थापन करावं यासाठी उतावीळ केलं. थैलीतून नाणी काढू लागणंही दाखवलं, त्याला योहानाच्या बाराव्या अध्यायाचा आधार आहे. माझी मुलं त्याची बाजू घेतात आणि मी घेऊ देतो. बाकी अकरा जणांनाही तो शेवटपर्यंत ओळखता आला नव्हता. येशू म्हणाला "तुमच्यापैकी एक जण", तेव्हा कुणीही त्याच्याकडे बोट दाखवलं नाही, प्रत्येकाने "मी तर नाही ना?" असंच विचारलं. फक्त शेवटी मत्तयाच्या २६ व्या अध्यायातला त्याचा प्रश्न वाचून घ्या: त्याला तुमच्या हाती दिलं तर मला काय द्याल? उतावीळपणाने याचं पूर्ण उत्तर मिळत नाही. ते मुलांच्या लक्षात येतं.

आणि आता थोमा, ज्याच्यामुळे तुम्ही लिहिलंत.

मालिकेत थोमा पहिल्यांदा काना गावच्या लग्नात भेटतो. लग्नाच्या द्राक्षारसाची व्यवस्था त्याच्याकडे आणि रामाकडे असते. पुढे दोघांचं लग्न ठरतं आणि चौथ्या सीझनमध्ये क्विंटसच्या तलवारीने रामा मरते. येशू तिथे असतो आणि तिला उठवत नाही. त्यानंतर त्याच सीझनमध्ये तो मेलेल्या लाजराला उठवतो. थोमाचा प्रश्न उघड आहे: त्याला उठवलं, मग हिला का नाही?

माझ्या कसोटीवर ही भर उतरत नाही, हे आधी सांगतो. योहानाच्या विसाव्या अध्यायात थोमाचा संशय त्याच्या स्वतःच्या दुःखाबद्दल नाही. तो येशूच्या जखमांबद्दल आहे. बाकीच्या दहा जणांनी जखमा पाहिल्या, त्याने नाही. तो जास्त काही मागत नाही, त्यांना मिळालं तेवढंच मागतो. आणि मग "माझा प्रभू व माझा देव" म्हणतो, जे तोवर बाराजणांपैकी कुणी त्या शब्दांत म्हटलं नव्हतं. त्याच्यामागे मेलेली वधू उभी केली की संशयाला खासगी कारण मिळतं, आणि खासगी कारण मिळालं की तो संशय आपला राहत नाही. "बिचारा, त्याचं तसं झालं म्हणून," एवढं म्हणून आपण सुटतो. शिवाय अकराव्या अध्यायातला थोमा झाकला जातो. यहूदीयात दगडमार होईल या भीतीने सगळे मागे ओढत असताना "चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ" असं म्हणणारा थोमा. ज्याच्या नावाची परंपरा इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्याला लागते, तो हा धाडसी माणूस आहे. त्याला नुसता दुःखी करून ठेवणं मला बरं वाटत नाही.

पण माझं मत असं ठाम असताना वर्गात जे झालं तेही लिहायला हवं. आमच्या गावात समुद्रावरून परत न आलेली माणसं आहेत. तशाच एका घरातली मुलगी तो भाग पाहून म्हणाली की इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचा प्रश्न येशूच्या तोंडावर विचारला. मी तिला कसोटी सांगत बसलो नाही. आम्ही योहानाचा अकरावा अध्याय काढला. तिथे लाजराची बहीण मार्था येशूला जवळपास तेच म्हणते: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. आणि तिची बहीण मरीयाही तेच वाक्य पुन्हा म्हणते. त्या मुलीने दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. तिला हवा असलेला प्रश्न शुभवर्तमानात आधीपासून होता, तोही थोमाकडे नव्हता, दोन बहिणींकडे होता. मालिकेने तो चुकीच्या माणसाच्या तोंडी घातला असं मी अजूनही मानतो. पण त्या चुकीमुळे ती मुलगी योग्य पानावर पोचली.

म्हणून दाखवू की नको, याचं उत्तर मुलांवर आणि तुमच्यावर अवलंबून आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना मी पहिल्या सीझनमधली भूत लागलेली मरीया आणि चौथ्यातला रामाचा मृत्यू दाखवणार नाही. त्यांच्यासाठी पहिल्या सीझनचा तिसरा भाग आहे, त्यात येशू आणि गावातली मुलं एवढंच आहे, जवळपास सगळं रचलेलं, पण निर्मळ. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बाकी सगळं चालेल, जर घरात बायबल उघडं असेल. उतारा आधी वाचा, भाग नंतर पाहा. उलट केलं की पडद्यावरचे चेहरे आधी बसतात आणि ओळी त्यांना चिकटून येतात, मग सोडवायला वेळ लागतो. हे मी पहिल्या वर्षी उलट करून पाहिलं आहे. त्या वर्षीच्या परीक्षेत पाच मुलांनी पेत्राच्या बायकोचं नाव एदेन लिहिलं. आणि घरात वाचायला कुणाला सवडच नसेल, तर मालिका काही काळ थांबलेली बरी.

सासूबाईंना पहिल्या सीझनपासून बसवू नका. दुसऱ्या सीझनचा तिसरा भाग लावा. त्यात फारसं काही घडत नाही. दिवसभर आजाऱ्यांची रांग लागलेली असते, येशू आत, शिष्य बाहेर आळीपाळीने रांग सांभाळतात. रात्री शेकोटीभोवती बसतात, गप्पा होतात, मग पेत्र आणि मत्तय यांचं भांडण पेटतं, सगळे एकमेकांवर ओरडू लागतात. तेवढ्यात येशू परत येतो, इतका थकलेला की पाऊल उचलत नाही. तो कुणाला रागावत नाही. आई त्याला आधार देते आणि सगळे गप्प होतात. त्या भागात कुठल्याही संताची विटंबना नाही, आणि ज्या बाईने घर सांभाळलं आहे तिला ती शेकोटी ओळखीची वाटेल. माझ्या आईला वाटली होती. पुतळ्यातला पेत्र तिने सोडला नाही, पण त्यानंतर पुढचा भाग कधी लावणार, हे तीच विचारू लागली.

मुलाला मात्र आजच उत्तर द्या, त्याला थांबवू नका. रामा बायबलात आहे. मत्तयाचा दुसरा अध्याय, ओवी १८. ती मुलगी नाही, गाव आहे. अंतिपाच्या बापाने, थोरल्या हेरोदाने, बेथलेहेमातली मुलं मारली तेव्हा मत्तय यिर्मयाचे जुने शब्द आठवतो: रामा गावात रडण्याचा आवाज ऐकू आला, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि कुणी सांत्वन केलेलं तिला नको आहे. पटकथाकारांनी ते नाव यावरून घेतलं की नाही, याने त्याच्या प्रश्नाला फरक पडत नाही. त्याला त्या ओवीवर बोट ठेवू द्या. मग योहानाचा अकरावा आणि विसावा अध्याय त्याच्यासोबत मोठ्याने वाचा, आणि थोमाला रामासाठी रडताना पाहून त्याला काय वाटलं, ते त्याला आधी बोलू द्या.